पांढरा शर्ट आणि बाईंचा गहू

त्या दिवशी सकाळी मी पांढरा शर्ट घातला आणि तिथंच दिवस बिघडला.

आता पांढरा शर्ट घालणं हा काही गुन्हा नाही. कारकून घालतात, डॉक्टर घालतात, लग्नात नवऱ्याचे मामा घालतात. पण मी होतो हार्वेस्टरवाला. दुसऱ्यांची शेतं भाड्यानं कापून द्यायची, हा आम्हा नवरा-बायकोचा धंदा. पुढं मी मशीनवर, मागं ही ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन, असे आम्ही हंगामभर गावोगाव फिरायचो. या धंद्यात शर्ट विकत घेताना कुठल्याही रंगाचा असला, तरी आठ दिवसांत तो ग्रीसच्या रंगाचा होतो.

हिनं मला पाहिलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

"अहो, कुणाचं लग्न आहे?"

"आज बाईंचं शेत आहे."

"मग? गहू शर्ट बघून कापून घेतो का?"

"तसं नाही गं. बाई आहेत. जरा नीटनेटकं दिसावं."

ती जवळ आली, तिनं वास घेतला. "अत्तर पण लावलंय!" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत निघून गेली. आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता. तो खोकला नव्हता, हे मला आता कळतं.

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. मी शाळेत चार वर्षं गेलो आणि चारही वर्षं वर्गावर त्याच होत्या. (पाचव्या वर्षी त्यांना माझा कंटाळा आला असता, म्हणून मीच शाळा सोडली.) गृहपाठ विचारला की मी सांगायचो, "उद्या आणतो, बाई." हे इतक्यांदा झालं, की बाईंनी माझं नावच 'उद्या' ठेवलं. मग ते वर्गानं उचललं, वर्गाकडून गल्लीनं. पुढं माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर खरं नाव छापलं, तर निम्म्या लोकांना लग्न कुणाचं तेच कळेना.

त्या बाईंनी इतक्या वर्षांनी निरोप धाडला होता, की माझा गहू तूच काप. त्याच वर्षी आम्ही स्वतःचं मशीन घेतलं होतं. जुनंच, दोन मालकांनी वापरून सोडलेलं, पण आमचं. आपल्या हातून काही चांगलं झालंय हे बाईंना दाखवायची मला फार हौस होती. म्हणून शर्ट, म्हणून अत्तर.

आणि म्हणूनच पुढची भानगड.

मशीनला रोज सकाळी बावीस ठिकाणी ग्रीस मारावं लागतं. त्यातली एकवीस ठिकाणं समजूतदार आहेत. बाविसावं म्हणजे पंख्याचं बेअरिंग. ते मशीनच्या पोटात, एका पत्र्याच्या मागं. तिथं उताणं झोपून, खांद्यापर्यंत हात आत घालून, गाल चाकाला टेकवून ग्रीसगन दाबावी लागते. मी एकवीस उरकले. मग बेअरिंगकडं पाहिलं, शर्टाकडं पाहिलं, आणि मनात म्हणालो, उद्या.

"बावीस झाले का हो?" हिनं ट्रॅक्टरवरून विचारलं.

"झाले!" मी म्हणालो. (चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाकडून मोजण्यात एखादी चूक व्हायचीच.)

बाईंचं शेत सहा एकरांचं. तिन्ही बाजूंनी ओढा आणि चौथ्या बाजूला खोलगट रस्ता, तोही शेजाऱ्याच्या शेतातून. मशीन न्यायला-आणायला तेवढी एकच वाट. आम्ही पोचलो तेव्हा बाई झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. केस सगळे पांढरे, पण नजर तीच. त्या नजरेसमोर आलो की अजूनही माझा हात आपोआप पाठीमागं जायचा.

"वेळेवर आलास?" बाई म्हणाल्या. "बरा आहेस ना?"

मग त्यांनी हिला जवळ बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. सर, म्हणजे बाईंचे यजमान, जाऊन वर्ष झालं होतं. सरांच्या मागं बाईंनी स्वतःच्या हिमतीनं घेतलेलं हे पहिलंच पीक. धाकट्या दिरानं बजावून ठेवलं होतं, 'वहिनी, हे पीक नीट घरात आलं तर पुढचंही तुम्हीच बघा. नाही आलं तर जमीन मी दुसऱ्याला कसायला देऊन टाकतो.'

"आणि आज संध्याकाळी पाचला कालव्याचं पाणी सुटतंय," बाई म्हणाल्या. "शेजाऱ्याची पाळी आहे. पाणी आलं की वाटेत गुडघाभर चिखल. आठ-दहा दिवस तुझं मशीन ना आत यायचं, ना बाहेर जायचं. आणि गहू तर असा झालाय."

त्यांनी एक ओंबी तळहातावर घेऊन नुसती हलवली. चार दाणे आपणहून गळाले. आणखी दहा दिवस उभा राहिला असता, तर सगळा मातीतच गेला असता.

"पाचच्या आत गहू आणि मशीन, दोन्ही बाहेर," मी छाती पुढं काढून म्हणालो. "एका तासाला एक एकर कापतं आमचं मशीन. आत्ता वाजलेत आठ."

"मग संपेल किती वाजता?" बाईंनी विचारलं.

मी बोटं मोजायला लागलो. ही हळूच म्हणाली, "दोन."

"तिला नाही, तुला विचारलं," बाई म्हणाल्या.

तर कापणी सुरू झाली. मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळं आमची दोघांची एक हातवाऱ्यांची भाषा तयार झाली होती. डोक्यावर हात म्हणजे टाकी भरली, ट्रॉली आण. मूठ म्हणजे थांब. तळहात खाली करून हलवला की हळू. (एकदा डोक्यात कुसळ गेलं म्हणून मी डोकं खाजवलं, तर ही पाऊण किलोमीटरवरून ट्रॉली घेऊन आली. त्या दिवशी आमची भाषा नव्हती, नुसती भांडणं होती.)

दोन एकर झकास निघाले. मी बाईंसमोरून जाताना मान ताठ ठेवायचो. तिसऱ्या एकरात शिरलो आणि पाहतो तर ही ट्रॅक्टरवर उभी राहून नाक चिमटीत धरून दाखवतेय.

आता, नाक धरणं म्हणजे 'जळका वास येतोय', हे आम्ही ठरवलेलं होतं. पण माझ्या डोक्यात सकाळचं अत्तर. मला वाटलं, ही अजून चिडवतेय. मी हसलो, कॉलरवर फुंकर मारून दाखवली. तिनं दोन्ही हातांनी नाक धरलं. मी आणखी हसलो. मग तिनं आकाशाकडं हात जोडले, आणि त्याच वेळी मशीनच्या पोटातून किंचाळल्यासारखा आवाज आला, धूर निघाला, पट्टा फाडकन तुटला, आणि सगळं शांत झालं.

त्या शांततेत दुरून बाईंचा आवाज आला. "काय झालं रे?"

ही पत्र्यामागं हात घालून आली. तिनं बोट माझ्यासमोर धरलं. बेअरिंग कोरडं ठणठणीत होतं, तिच्या बोटाला ग्रीसचा ठिपकासुद्धा लागला नव्हता.

"बावीस?" ती म्हणाली.

मी शर्टाची बटणं बघत होतो.

ती पुढं एक अक्षर बोलली नाही. बायको बोलेनाशी झाली की नवऱ्यानं गुपचूप पाना हातात घ्यावा, एवढं शहाणपण मला होतं. नवीन बेअरिंग आणि पट्टा हिच्या पत्र्याच्या पेटीत होते. त्या पेटीत सगळं असायचं, आणि सगळं जागेवर असायचं. मी चार बोल्ट काढले. लांब, बारीक आट्यांचे, त्या जागेशिवाय कुठं न बसणारे. ते हरवू नयेत म्हणून नीट माझ्या टोपीत ठेवले आणि टोपी टायरवर उलटी ठेवली. ही पोटाखाली झोपून जुनं बेअरिंग ठोकून काढायला लागली.

"ए उद्या! इकडं ये!" बाईंनी हाक मारली.

झालं. चार वर्षं अंगात मुरलेली सवय. बाईंसमोर बोडक्यानं जायचं नाही. मी टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि धावलो.

"किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

"दहा मिनिटं, बाई."

"गृहपाठाचंही तू असंच सांगायचास."

मी परत आलो. मशीनखालून हिचा काळा हात बाहेर आला. "बोल्ट."

"टोपीत आहेत."

"टोपी कुठाय?"

"डोक्यावर."

हात काही वेळ तसाच हवेत राहिला. मग हळूहळू आत गेला.

गव्हाचं काड आणि भुसा घोटाभर पसरलेला. त्यात मी टायरपासून बाईंच्या खुर्चीपर्यंत पळत गेलो होतो. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून चाळायला लागलो. अर्धा तास गेला. हाताला काड टोचत होतं, बोल्ट मात्र लागत नव्हते. ही अचानक उठली, ट्रॅक्टरवर चढली आणि स्क्रूड्रायव्हर चालवायला लागली.

"काय काढतेस?"

"तुमच्या टेपचा स्पीकर. मागं मोठं लोहचुंबक असतं त्याला."

"अगं, माझा टेप!"

"एक स्पीकर राहतोय. एका कानानं ऐका."

(त्या टेपवर आम्ही तेरा हंगाम गाणी ऐकली, सगळी डाव्या बाजूनं. बाई गायची ते ऐकू यायचं, पुरुष गायचा ते नाही. अजूनही कुठं ती गाणी पूर्ण लागली की मला वाटतं, हा मधे कोण तोंड घालतोय.)

स्पीकर दोरीला बांधून आम्ही भुशावरून फिरवला. आधी तीन खिळे मिळाले. मग एक बिजागरी. मग गंजलेला छोटा चाकू. तो बघून बाई खुर्चीवरून उठल्या.

"हा सरांचा," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं शोधत होते. माझ्यावर संशय होता त्यांचा, की मी टाकून दिला." त्यांनी तो पदराला पुसला आणि मुठीत धरून ठेवला. आम्ही दोघं स्पीकरची दोरी धरून तिकडंच बघत राहिलो. मग बाईच म्हणाल्या, "शोधा. उभे काय राहिलात?"

एक बोल्ट मिळाला. दोन मिळाले. तिसराही मिळाला. चौथा काही केल्या मिळेना. शेवटी ही थकून उठताना स्पीकर माझ्या पाठीजवळून गेला, आणि खट्ट करून माझ्या कमरेला चिकटला.

चौथा बोल्ट कॉलरमधून आत जाऊन पांढऱ्या शर्टाच्या घडीत बसला होता. दीड तास माझ्यासोबत फिरत होता.

"उद्या," बाई म्हणाल्या, "तुझी पाटी पण तुझ्याच बुडाखाली सापडायची."

मशीन सुरू झालं तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. डबा आम्ही उभ्यानंच खाल्ला. राहिलेले चार एकर आणि हातात साडेचार तास. अजून जमण्यासारखं होतं. पण मला बाईंसमोर गेलेली अब्रू परत आणायची होती, म्हणून मी वेग वाढवला. ही तळहात खाली करून हलवत होती. हळू, हळू. मी त्या बाजूला बघणंच सोडून दिलं.

दोन वाजता मशीनच्या घशात एकदम गवतासकट मोठा ढीग गेला. ड्रम गुरगुरला आणि जाम झाला.

जाम काढायचा, तर मागच्या बाजूनं, जिथून काड बाहेर पडतं तिथून रांगत आत शिरायचं. आमचा एक नियम होता, अगदी देवाच्या शपथेसारखा. जो आत जाणार, चावी त्याच्या खिशात. म्हणजे बाहेरच्यानं चुकूनही मशीन सुरू करायला नको. मी चावी खिशात घातली आणि आत शिरलो. अंधारात, धुळीत, मुठी-मुठीनं काड उपसून मागं फेकत होतो. तास गेला. जाम निघाला. मी मागं सरकायला लागलो, आणि सरकेना. आतल्या दातेरी पट्ट्यांत माझ्या शर्टाची पाठ अडकली होती. मी जितका मागं येई, तितका तो घट्ट बसे.

"निघाला का?" बाहेरून ही.

"निघाला. मी नाही निघालो."

"म्हणजे?"

"शर्ट अडकलाय."

"फाडा."

"लग्नाला घेतलेला आहे गं."

"पुन्हा लग्न करायचंय का?" असं म्हणून तिनं माझे पाय धरले आणि ओढलं. टर्रर्र असा लांबलचक आवाज झाला. मी भोकाभोकांच्या बनियनवर, काडात लोळत, बाईंच्या पायाशी येऊन पडलो. आणि पडताना डावा पाय घोट्यात मुरगळला.

मी उठलो, पाय टेकवला, आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो.

घड्याळात सव्वातीन. अडीच एकर उभा होता.

"तासाला एक एकर," बाई अगदी हळू म्हणाल्या. "म्हणजे पावणेसहा."

या वेळी त्यांनी मला गणित विचारलं नाही. स्वतःच सोडवलं. त्यांचा मुठीतला चाकू त्या उलटसुलट करत होत्या. तेवढ्यात कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी सायकलवरून आला. तोही बाईंचाच विद्यार्थी, माझ्या दोन वर्षं मागचा.

"बाई, पाच म्हणजे पाचला दार उघडावं लागेल मला," तो मान खाली घालून म्हणाला. "तुम्ही म्हणत असाल तर थोडं..."

"मी का म्हणीन?" बाई म्हणाल्या. "शेजाऱ्याचंही पीकच आहे. पाचला उघड. पाचच्या आधी मात्र नको."

मला तिथं मातीत तोंड लपवावंसं वाटलं. सगळं एका शर्टापायी. मी हिच्याकडं पाहिलं. तिनं हात पुढं केला.

"चावी."

"तू?"

"चावी द्या."

"अगं, क्लच जड आहे. वळताना पुढचं पातं उचलावं लागतं. तुला कुठं..."

"येतं मला."

"कधी शिकलीस?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "तुमच्या झोपेत."

आता हे सांगायलाच हवं. रोज जेवण झालं की मी ट्रॉलीखाली दहा मिनिटं पडायचो. (ती दहा मिनिटं बहुतेक वेळा तासाची असायची.) मशीनच्या आवाजात मला फार गाढ झोप लागते, आवाज थांबला तरच जाग येते. म्हणजे मशीन तेव्हा चालू असायचं! तीन हंगाम, भाड्याच्या मशीनवर होतो तेव्हापासून, माझ्या झोपेत ही कापणी करत होती. आणि मी उठून बघायचो, तर शेत बरंच पुढं गेलेलं दिसायचं. मला आपलं वाटायचं, सकाळीच एवढं कापून ठेवलंय, आपला हात बसलाय. चार लोकांत मी तसं बोलूनही दाखवत होतो.

"आणि शेतकरी बघायचे?" मी विचारलं.

"बघायचे. तुम्ही कूस बदललीत की तेच इशारा करायचे."

मी चावी दिली.

ती चढली. पदर कमरेला खोचला, मशीन सुरू केलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आमचं मशीन बाहेरून चालताना पाहिलं. मी वळताना दोनदा मागं-पुढं करायचो, ती एका दमात वळत होती. आखूड बाजू सोडून लांब-लांब फेऱ्या घेत होती, त्यामुळं वळण्यात वेळच जात नव्हता. मला मात्र बाईंच्या शेजारी बसून राहवेना. वेग जास्त वाटायला लागला की मी एका पायावर उभा राहून तळहात खाली करून हलवायचो. हळू, हळू. तिनंही एक खूण केली. तोंडापुढं बोट नेऊन एकदम खाली आणलं. ही खूण आमच्या भाषेत नव्हती. मी बुचकळ्यात पडलो.

(रात्री विचारलं, तर म्हणाली, "त्याचा अर्थ, गप्प बसा.")

टाकी भरली की ती सरळ ट्रॉलीशी येऊन दाणे सोडायची. मी ट्रॉलीत बसून फावड्यानं ते सारखे करायचो. गव्हाची ती गरम, पिवळी धार, आणि धारेपलीकडं वर बसलेली ही. चेहऱ्यावर भुसा, भुवया पांढऱ्या, ओठ घट्ट मिटलेले. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी तिला इतकं नीट तोपर्यंत पाहिलंच नव्हतं. मशीनवरून कायम मागं वळून पाहायचो, ते ट्रॉली जवळ आली का हे बघायला.

पाचला बारा मिनिटं कमी असताना शेवटची ओंबी आत गेली. ती न थांबता मशीन घेऊन वाटेला लागली. राहिला ट्रॅक्टर, गव्हानं भरलेली ट्रॉली, आणि डावा पाय नसल्यासारखा मी.

बाई काठी टेकत उठल्या आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसल्या. कशा चढल्या ते मला आजही सांगता येणार नाही.

"क्लच कुठला?" त्यांनी विचारलं.

"हा, बाई."

त्यांनी काठीचं टोक क्लचवर ठेवलं. "सांग."

"दाबा."

दाबला जाईना. मी माझे दोन्ही हात त्यांच्या हातांवर ठेवले, दोघांनी मिळून दाबला, मी गिअर टाकला.

"आता सोडा. हळूऽऽ. हळू, बाई!"

"ओरडू नकोस," बाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंना काहीतरी करायला सांगत होतो आणि त्या करत होत्या. एक हिसका बसला, बाईंचा चष्मा नाकावर आला, आणि आम्ही निघालो. खोलगट वाटेत उतरलो तेव्हा वर दारापाशी पाटकरी एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात दाराचा दांडा धरून उभा होता. आम्ही पलीकडच्या चढावर लागलो आणि त्यानं दांडा फिरवला. मागं वळून पाहिलं, तर आमच्या चाकांच्या ठशांतून पाणी हळूहळू पुढं येत होतं.

वर ही मशीन बंद करून उभी होती. बाई उतरल्या, ट्रॉलीपाशी गेल्या, आत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. खूप वेळ. मग म्हणाल्या, "दिराला सांगते, पुढच्या वर्षी हरभरा टाकणार आहे मी." आवाज जरा ओला होता. हिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर बाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर पाच काळी बोटं उमटली.

"असू दे," बाई म्हणाल्या. "राहू दे ती."

मग माझ्याकडं वळल्या. माझा हात पाठीमागं गेला. मी बनियनवर, एका पायावर.

"शाबास," त्या म्हणाल्या. मी फुललो. "बायको चांगली निवडलीस."

"बाई, ती आईनं निवडली," मी खरं ते सांगितलं.

त्या दिवसानंतर मशीनवर ही बसायला लागली आणि ट्रॅक्टरवर मी. तसे तेरा हंगाम काढले. मशीन विकूनही आता खूप वर्षं झाली. बाई गेल्या, ती वाट जाऊन तिथं पूल झाला. पण हंगामात दुपारी कुठं लांब शेतात मशीनची घरघर ऐकू आली, की आम्ही दोघं ओट्यावर बसल्या बसल्या गप्प होतो. मला लगेच डुलकी लागते. ती कान देऊन ऐकत असते आणि मधेच म्हणते, "पट्टा ढिला आहे त्याचा."

परवाचीच गोष्ट. आमच्या मागच्या शेतात एक नवीन, काचेच्या केबिनचं मशीन बंद पडलं. त्याचा ड्रायव्हर विचारत विचारत आमच्या दारात आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की या घरात जुनी, जाणती हार्वेस्टरवाली माणसं राहतात. मला फार बरं वाटलं. मी चष्मा घातला, त्याला बसवलं, चहा दिला. आवाज कसा येतो, वास कुठून येतो, सगळं खोलात जाऊन विचारलं. मग बेअरिंग म्हणजे काय, पट्टा किती ताणावा, ड्रम का जाम होतो, हे मी त्याला चांगलं पाऊण तास समजावून सांगितलं. जमिनीवर खडूनं आकृती काढून दाखवली. पोरगा सभ्य होता. मान हलवत होता, मधे मधे "हो आजोबा, हो आजोबा" म्हणत होता. बोलून बोलून माझा घसा सुकला, तेव्हा मी थांबलो आणि म्हणालो, "आणखी काही विचारायचंय?"

त्यानं कप खाली ठेवला, आतल्या दाराकडं एकदा बघितलं, आणि अगदी आदरानं विचारलं, "आजी कधी येतील?"